ही बॅग शिवली कुणी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बडोद्यात दांडिया बाजारात राहते. फाइन आर्ट्सला शिकले आणि गेली काही वर्षं बॅगा शिवते आहे. त्या विकायला नसतात, बघायला असतात. महागड्या पर्स, त्यांच्या नकला आणि दोन्ही शिवणारे हात हा माझ्या कामाचा विषय. घरी येणारे पाहुणे, विद्यार्थी, शेजारच्या मावशी सगळे साधारण तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवते.

पर्समध्ये कला ती काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो. माझं उत्तर असं की पर्सइतकी बोलकी वस्तू आज दुसरी शोधून सापडणार नाही. एकाच वस्तूत चामडं आहे, शिवण आहे, बक्कल आहे, नाव आहे, किंमत आहे, आणि ती खांद्याला अडकवून आपण चारचौघांत मिरवतो. आपण कोण आहोत हे सांगायला ती पुरते, आणि कुणी बनवली हे लपवायलाही पुरते.

कलावंतांना हे फार आधी दिसलं. स्वित्झर्लंडच्या सिल्वी फ्लरी यांनी १९९० मध्ये खरेदी करून आणलेल्या पिशव्या तशाच्या तशा गॅलरीच्या जमिनीवर मांडल्या. पुढे त्यांनी पर्सचे काशाचे ओतीव पुतळे केले. खांद्यावर न्यायची वस्तू उचलवेनाशी झाली की आपण ती पहिल्यांदा नीट बघतो. एल्मग्रीन आणि ड्रॅगसेट या जोडीने २००५ मध्ये टेक्सासच्या माळरानावर प्राडा या इटालियन कंपनीचं एक खोटं दुकान उभारलं, त्याचं दार कधीच उघडत नाही. काही दिवसांतच ते फोडून आतल्या पर्स चोरीला गेल्या. नंतर ठेवलेल्या पर्सचे तळ कापून टाकलेले होते. बाहेरून बघायला पूर्ण, वापरायला निरुपयोगी. मला ते काम त्या कापलेल्या तळांमुळे लक्षात राहिलं.

पण बडोद्यात बसून हे कशाला? पॅरिस-मिलानच्या गोष्टी आहेत या.

इतक्या लांबच्या नाहीत. लुई व्हिताँ या फ्रेंच कंपनीच्या जुन्या, नावाजलेल्या पेट्यांमध्ये चहाच्या सामानाची एक पेटी आहे, ती १९२६ मध्ये बडोद्याच्या महाराजांसाठी बनवलेली. म्हणजे आज ज्या नावासाठी लोक जीव टाकतात, ते नाव आपल्या गावात शंभर वर्षांपूर्वीच येऊन गेलंय.

आणि त्याच्याही आधी, १८९० मध्ये, सयाजीरावांनी इथे कलाभवन सुरू केलं. रंगकाम, विणकाम, सुतारकाम, यंत्रकाम असं हाताचं शिक्षण द्यायला. ज्या राजाच्या घरी परदेशी पेटी आली, त्याच राजाला आपल्या लोकांचे हात तयार करायचे होते. मला या दोन गोष्टी एकत्र ठेवून बघायला आवडतं. १९५० मध्ये विद्यापीठाची फाइन आर्ट्सची शाखा सुरू झाली. तिथे के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारखे शिक्षक मिळाले, ज्यांनी कलावंत आणि कारागीर यांच्यात भिंत मानली नाही. ते मधल्या काळात हातमाग मंडळावरही काम करून आले होते. आमच्या फाइन आर्ट्सच्या जत्रेत शिक्षक आणि विद्यार्थी मिळून खेळणी, मुखवटे, दागिने बनवायचे आणि विकायचे. त्या वातावरणात वाढलेल्या माणसाला ‘हे क्राफ्ट, ते आर्ट’ अशी वाटणी पटतच नाही.

तुम्ही नेमकं काय करता?

एका वेळी दोन बॅगा शिवते. आकार एकच, माप एकच. एक कमावलेल्या चामड्याची, हाताने शिवलेली. दुसरी रेक्झिनची, मशीनवर शिवलेली, बाजारात मिळते तशी. दोन्हींवर नाव कुठलंच नाही. नाव जिथे असतं त्या जागी, बाहेरून ठळक दिसेल असं, मी लागलेला वेळ भरतकामाने लिहिते: कापायला इतकी मिनिटं, कड तासायला इतकी, शिवायला इतके तास. दुसरीवरही तसंच. ती माझी एकटीची नसते. मंगळ बाजाराजवळच्या एका गल्लीत बॅगा दुरुस्त करणारे एक काका आहेत, मशीनकाम ते करतात आणि त्यांना त्यांच्या दराने, रोखीने पैसे देते. वेळ ते स्वतःच्या अक्षरात लिहून देतात. मी त्यांच्या अक्षरावरूनच भरते, एकही वळण सुधारत नाही.

हाताची शिवण आणि मशीनची शिवण यात खरंच फरक असतो, की नुसती जाहिरात?

असतो, आणि तो कळला की पर्स बघायची नजर बदलते.

मशीनमध्ये दोन दोरे असतात, वरचा रिळाचा आणि खालचा बॉबिनचा. प्रत्येक टाक्याला ते चामड्याच्या मधोमध एकमेकांत अडकतात. काम झरझर होतं, टाके एकसारखे पडतात. पण एका जागी दोरा तुटला की त्याच ओळीतले शेजारचे टाके सैल पडत जातात. आपल्या पर्सचा पट्टा सुटायला लागला की एकदम वीतभर सुटतो, तो यामुळे.

हाताची शिवण ही मुळात घोड्याच्या खोगिराची शिवण. एर्मेस ही कंपनी १८३७ मध्ये घोड्यांचा साज बनवायलाच सुरू झाली होती, बर्किन ही तिची गाजलेली महागडी बॅग वगैरे फार पुढच्या गोष्टी. यात दोरा एकच, पण त्याच्या दोन्ही टोकांना सुया. आधी आरीने तिरकं भोक पाडायचं. डाव्या हातातली सुई भोकातून उजवीकडे, उजव्या हातातली त्याच भोकातून डावीकडे. मग दोन्ही हात बाजूला ताणायचे. प्रत्येक भोकातून दोरा दोनदा गेलेला असतो, म्हणून एक टाका तुटला तरी बाकीचे धरून ठेवतात. दोऱ्याला मेण चोळलेलं असतं, ते घर्षणाने जरा वितळतं आणि भोक बुजवतं.

पहिल्यांदा दीड फुटाचा एक पट्टा असा शिवला तेव्हा मला सव्वा तास लागला. इंचाला सात टाके, म्हणजे सव्वाशेच्या आसपास. साठाव्या टाक्याला करंगळीच्या खाली दोऱ्याने कापलं. तिथे कातड्याची पट्टी गुंडाळायची असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. काकांनी पट्टा हातात घेतला, उलटा केला आणि मागची बाजू बघितली. म्हणाले, “बेन, तिसाव्या टाक्याला तुम्हाला कुणीतरी हाक मारलीय.” खरंच, त्या जागी तिरका टाका सरळ झाला होता. फोन आला होता तेव्हा.

‘फर्स्ट कॉपी’ म्हणजे काय? तीत आणि साध्या नकलेत काय फरक?

बाजारात हे शब्द सर्रास चालतात. साधी नक्कल म्हणजे लांबून तशी दिसणारी. रेक्झिन पातळ, आत पुठ्ठा, चेनचा रनर चार दिवसांत अडकणार. फर्स्ट कॉपी म्हणजे जवळून बघितल्यावरही फसवेल अशी. चांगल्या प्रतीचं पीयू, म्हणजे कृत्रिम चामडं, किंवा खरं चामडं, वजनदार बक्कल, अस्तरावर छापलेलं नाव, सोबत पर्स धुळीपासून झाकायची कापडी पिशवी आणि खोटं कार्डसुद्धा.

मला यातला एक भाग नेहमी अस्वस्थ करतो. फर्स्ट कॉपी जितकी चांगली, तितका ती शिवणारा चांगला कारागीर. त्याला कड तासता येते, चामड्याची नस कुठल्या बाजूला ताणते ते कळतं, रंगवलेल्या कडेवर तीन हात देऊन मधे घासता येतं. हे सगळं येणाऱ्या माणसाच्या कामाचं बक्षीस काय, तर त्याचं काम कुणाला ओळखू येऊ नये! खऱ्या कंपनीच्या कारागिराचं नावही गिऱ्हाइकाला कळत नाही, पण तो निदान उजेडात बसून शिवतो.

नावावरचा दावा खोटा असतो. टाका मात्र खराच घातलेला असतो. माझं सगळं काम या दोन वाक्यांभोवती फिरतं.

मग नक्कल करणं चूक नाही असं म्हणायचंय का?

नाही. दुसऱ्याचं नाव लावून विकणं ही फसवणूक आहे आणि कायद्याने गुन्हा आहे. आपल्या १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यात खोट्या नावाचा माल विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड सांगितला आहे. त्याबद्दल मला काही शंका नाही.

पण पकडला कोण जातो? हातगाडीवाला. आणि शिकण्यासाठी केलेली नक्कल ही तर सगळ्या कलांची पहिली पायरी आहे. आपण गुरूच्या तानेची नक्कल करत करतच गाणं शिकतो.

शिवाय कोण कुणाची नक्कल करतं हेही दरवेळी सरळ नसतं. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये डॅपर डॅन नावाच्या शिंप्याने १९८२ मध्ये दुकान काढलं. बड्या कंपन्यांची चिन्हं चामड्यावर स्वतः छापून तो असे कपडे शिवायचा, जे त्या कंपन्यांनी कधी केलेच नव्हते. कंपन्यांच्या कारवाईमुळे १९९२ मध्ये ते दुकान बंद झालं. पुढे २०१७ मध्ये गुच्चीने एक जॅकेट दाखवलं, ते हुबेहूब डॅपर डॅनच्या जुन्या जॅकेटसारखं होतं. ओरड झाली, मग कंपनीने त्याच्याशी हातमिळवणी केली आणि हार्लेममध्ये त्याला पुन्हा दुकान थाटता आलं. पंचवीस वर्षं मात्र गेली ती गेलीच.

आपल्याकडे असं काही घडलंय?

तुमच्या देवघरात बघा. राजा रविवर्म्यांनी सयाजीरावांसाठी पुराणांतल्या प्रसंगांची चौदा चित्रं काढली, ती राजवाड्यासाठी. पण १८९४ मध्ये त्यांनी मुंबईत छापखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वती घराघरांत गेल्या. छपाई दगडावरून व्हायची, प्रत्येक रंगाला वेगळा दगड, एका चित्रावर किती दगड चढले असतील! ते दगड घासणारे, रंग चढवणारे, कागद जुळवणारे कोण होते? आपल्याला फक्त रविवर्मा माहीत. दादासाहेब फाळके कलाभवनात शिकले आणि पुढे त्या छापखान्यात काम करत होते, तेही आपण जाणतो ते सिनेमामुळे.

माझ्या आजीकडे अशीच एक छापील लक्ष्मी होती. तिच्या पदराला आजीच्या सासूबाईंनी खरी जर लावली होती आणि दागिन्यांच्या जागी टिकल्या चिकटवल्या होत्या. बऱ्याच घरांत बायका अशा तसबिरी सजवायच्या. हजारो प्रतींतली एक प्रत, पण तेवढ्या हातकामामुळे ती आमची झाली. राजवाड्यातलं मूळ चित्र बघताना मला कौतुक वाटतं. ती तसबीर बघताना मला सासूबाईंची बोटं दिसतात.

क्रोशाच्या पर्सचं ते काम कुठलं, ज्याबद्दल तुम्ही सारखं बोलता?

स्टेफनी सिहुको या कलावंताचं. जन्म मनिलाचा, काम अमेरिकेत. २००६ मध्ये त्यांनी क्रोशाकाम करणाऱ्यांना आवाहन केलं: तुम्हाला हवीशी वाटणारी महागडी पर्स निवडा, इंटरनेटवरचं तिचं बारीकसं, अंधुक चित्र उतरवून घ्या आणि त्यावरून ती क्रोशाने विणा. चित्र मोठं केलं की त्याचे चौकोन दिसायला लागतात, आणि क्रोशाचे खांब, म्हणजे टाके, तेही चौकोनीच पडतात. त्यामुळे पर्स ओळखू तर येते, पण नाव पार विस्कटलेलं.

मला हे काम फार जवळचं वाटतं, कारण त्यात फसवणूक शून्य आहे आणि कष्ट उघड्यावर आहेत. आमच्या वाड्यातल्या एका मावशींना मी ते फोनवर दाखवलं. त्या चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “कडेला दुहेरी खांब घातलाय, नाहीतर हॅण्डल लोंबलं असतं.” एवढं अचूक परीक्षण मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलं नाही.

महागड्या पर्सची किंमत ही कारागिरीची किंमत नाही का?

काही अंशी आहे. चांगली चामड्याची पर्स एका माणसाने सुरुवातीपासून शेवटपर्यंत शिवायची म्हटली तर दोन-तीन दिवस सहज जातात, आणि तो माणूस तयार व्हायला वर्षं लागतात. त्या कामाला चांगला पैसा मिळालाच पाहिजे.

पण किंमत आणि मजुरी यांचा संबंध आपण समजतो तितका पक्का नाही. जून २०२४ मध्ये मिलानच्या न्यायालयाने दिऑरच्या एका इटालियन उपकंपनीवर देखरेखीसाठी प्रशासक नेमला. न्यायालयाच्या कागदपत्रांनुसार, दुकानात २,६०० युरोला विकल्या जाणाऱ्या एका पर्सच्या जुळणीसाठी पोटकंत्राटदाराला ५३ युरो मिळत होते, चामड्याचा खर्च वेगळा. कामगार कारखान्यातच झोपत असल्याचंही तपासात आढळलं होतं. कंपनीने सुधारणा केल्यावर २०२५ च्या सुरुवातीला ती देखरेख उठली. पर्सवर ‘इटलीत बनवलेली’ असं लिहिलेलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. कुठे बनली ते लिहिलं होतं. कशी बनली ते लिहायला जागाच नसते.

हे फक्त तिकडचं नाही. आमच्या काकांनी एका दुकानासाठी चाळीस पर्स शिवून दिल्या होत्या. पैसे पाच महिन्यांनी, तेही तुकड्या-तुकड्यांत आले. मधल्या काळात त्याच पर्सवर पितळी बिल्ला ठोकून त्या ‘इम्पोर्टेड’ म्हणून काचेत लागल्या. काका रोज त्या दुकानावरून सायकलने जायचे.

अलीकडचं एखादं काम सांगा ना.

न्यूयॉर्कच्या मिसचिफ या गटाची काही कामं या विषयात फार धारदार आहेत. २०२१ मध्ये त्यांनी खऱ्या बर्किन बॅगा कापून त्यांच्या चपला केल्या. २०२३ मध्ये मिठाच्या खड्यापेक्षा लहान, ७०० मायक्रोमीटरहूनही कमी रुंदीची बॅग बनवली, सूक्ष्मदर्शकाखालीच दिसणारी. ती लिलावात ६३,७५० डॉलरला गेली. बॅगेतलं वापरायचं सगळं काढून टाकलं आणि फक्त बड्या कंपनीचं नाव ठेवलं, तरी किंमत टिकली.

पण मला खरं महत्त्वाचं वाटतं ते २०२४ चं काम. आपण लहानपणी कानगोष्टी खेळायचो, तसं त्यांनी पेरू, पोर्तुगाल, भारत आणि चीन इथल्या कारखान्यांना एकामागून एक एकच बॅग करायला लावली. प्रत्येकाने आधीच्याच्या कामावर आपली भर घालायची. शेवटी जी बॅग तयार झाली ती चार प्रसिद्ध बॅगांची सरमिसळ होती, आणि ती कुणा एका डिझायनरची नव्हती. ज्यांना नेहमी ‘सांगितलं तेवढं करा’ म्हटलं जातं, त्यांच्या हातचा निर्णय तिथे दिसला. माझी एकच तक्रार आहे, त्या हातांची नावं बॅगेवर असायला हवी होती.

कंपन्या अशा कलावंतांना कोर्टात खेचत नाहीत?

खेचतात. निकाल दोन्हीकडे लागले आहेत. नादिया प्लेसनर या डॅनिश कलावंताने सुदानच्या दारफुरमधल्या उपाशी मुलाच्या हातात लुई व्हिताँसारखी पर्स रंगवली, कंपनीने दावा लावला, आणि २०११ मध्ये हेगच्या न्यायालयाने कलावंताच्या बाजूने निकाल दिला. उलट बर्किनची केसाळ डिजिटल चित्रं विकणाऱ्या मेसन रॉथ्सचाइल्ड यांच्याविरुद्ध २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्यूरीने एर्मेसला १,३३,००० डॉलर भरपाई दिली. मी माझ्या बॅगांवर कुठलंच नाव लावत नाही त्याला हेही एक कारण आहे.

कोल्हापुरीच्या प्रकरणाबद्दल तुमचं मत काय?

तुमचं असेल तेच. जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानला कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही. या चपलेला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे. महाराष्ट्रातून आवाज उठल्यावर कंपनीने मूळ मान्य केलं. नक्कल हा शब्द आपण फक्त मंगळ बाजारासारख्या स्वस्त बाजारासाठी राखून ठेवतो, ती सवय सोडायला हवी.

चामड्याचं काम आणि जात, हे तुमच्या कामात येतं का?

येतं, आणि त्याला बगल देऊन हा विषय मांडताच येणार नाही. युरोपात चामड्याचा कारागीर म्हटलं की लोक आदराने बघतात. आपल्याकडे कातडं कमावणाऱ्याला, हिरडा आणि बाभळीच्या सालीच्या कुंडात उभं राहणाऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या गावाबाहेर ठेवलं. हात तेच, आरी तीच, चामडं कापायची रापी तीच. मी चामडं शिवायला घेतलं तेव्हा माझ्याच एका नातेवाइकाने नाक मुरडलं होतं. त्याच्या बायकोच्या खांद्याला त्या वेळी चामड्याचीच पर्स होती.

मुंबईचे सुधीर राजभर यांनी या अपमानालाच हात घातला. शिवीसारखा वापरला जाणारा जातीचा शब्द त्यांनी आपल्या स्टुडिओचं नाव म्हणून लावला, आणि गोमांसबंदीनंतर काम गेलेल्या धारावीच्या चर्मकारांसोबत रबराच्या पुनर्वापरातून बॅगा केल्या. मी या जातीतली नाही, म्हणून हा अनुभव माझा म्हणून मांडायचा मला अधिकार नाही. मी एवढंच करू शकते की ज्यांच्याकडून शिकले त्यांना गुरू म्हणायचं आणि पैसे वेळेवर द्यायचे.

तुमच्याकडे शिवण शिकायला येता येईल का?

काकांकडे जा. त्यांच्याकडे शिका आणि त्यांना फी द्या.

माझी पर्स फर्स्ट कॉपी आहे. मला लाज वाटायला हवी का?

मला हा प्रश्न हळू आवाजात विचारला जातो. माझ्या मते तरी नको. तुम्ही फसवलं गेला असाल किंवा जाणूनबुजून घेतली असेल, पर्स तुमच्याजवळ आहे, तर आता ती नीट बघा. उलटी करा. अस्तर जिथे उसवलंय तिथून आत डोकवा.

गेल्या पावसाळ्यात एक मुलगी अशीच पर्स घेऊन आली, तळ बसला होता. नोकरीच्या पहिल्या पगारातून घेतलेली, म्हणून टाकवत नव्हती. मी अस्तर उसवलं. आतल्या पुठ्ठ्यावर पेन्सिलने पाच-पाच रेघांचे गठ्ठे मारले होते, चार उभ्या आणि एक आडवी, असे सात, वर दोन सुट्या. कुणीतरी दिवसभरात शिवलेले नग मोजत होतं, आणि हाताशी आलेला तो पुठ्ठा मग याच पर्समध्ये गेला होता. सदतीस. आम्ही दोघी खिडकीशी जाऊन ते उजेडात पुन्हा मोजलं.

पुठ्ठा भिजून वाकला होता, बदलावा लागणार होता. ती म्हणाली, नवा घाला, पण हा काढू नका. मी दोन्ही घातले, जुना वर. अस्तर तीन बाजूंनी शिवलं आणि चौथ्या बाजूला टिचबटणं लावली, म्हणजे तिला उघडून बघता येईल.